पोट उघडायचं की दुर्बीण घालायची?

गर्भपिशवीच्या तोंडाचा कॅन्सर लवकर सापडला, गाठ चार सेंटिमीटरच्या आत असली आणि आजूबाजूला पसरलेली नसली, तर तो ऑपरेशनने बरा होऊ शकतो. ऑपरेशन मात्र मोठं. पिशवी तर काढायचीच, शिवाय तिच्या दोन्ही बाजूंचा आधाराचा भाग, योनीचा वरचा थोडा भाग आणि ओटीपोटातल्या लसिकाग्रंथीही काढायच्या. सर्जन त्याला रॅडिकल हिस्टरेक्टमी म्हणतात. ते पोटावर मोठा छेद घेऊन करता येतं, तसंच चार-पाच बारीक भोकांतून दुर्बिणीनेही करता येतं. कॅन्सरच्या दृष्टीने दोन्ही सारखेच, मग बाईला मोठा छेद कशाला द्यायचा, असं 2018 पर्यंत जगभरातले बरेच सर्जन धरून चालले होते. त्या वर्षी एक अभ्यास प्रसिद्ध झाला आणि हे गृहीतक कोसळलं.

त्याबद्दल हा संवाद आहे. बोलणारे दोघं गुरू-शिष्या आहेत, दोघंही सर्जन. सर दुर्बिणीच्या बाजूचे. त्यांनी उमेदीची वर्षं पोट उघडून ऑपरेशनं करण्यात घालवली आणि मग हट्टाने दुर्बीण शिकले. मॅडम त्यांच्याच हाताखाली तयार झाल्या, पुढे कॅन्सरचं खास शिक्षण घेतलं आणि आता पिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरला पुन्हा पोट उघडतात. एरवी नव्याचा आग्रह तरुण धरतात, इथे उलट आहे. नावं देत नाही. माझं मत कुठे झुकतं ते मात्र मधूनमधून लिहिलं आहे, ते लपवायचं कारण नाही.

सर : आधी एक लक्षात घे. आम्ही पोट उघडून हे ऑपरेशन करायचो तेव्हा बाई दहा-दहा दिवस वॉर्डात पडून असायची. टाके पिकायचे. मधुमेह असला की जखम उकलायची, रोज ड्रेसिंग. काही महिन्यांनी तीच बाई हर्निया घेऊन परत यायची. पोटाला पट्टा बांधून खुरपायला बसणाऱ्या बायका पाहिल्यात मी. दुर्बीण आली आणि बाई तिसऱ्या-चौथ्या दिवशी आपल्या पायांनी घरी जायला लागली. रक्त चढवणं कमी झालं. हे कुठे वाचलेलं नाही, डोळ्यांनी बघितलंय.

मॅडम : ते खोटं कोण म्हणेल, सर? मी ते तुमच्याच वॉर्डात शिकले. पण बाई घरी कधी गेली हे आपण मोजत होतो, आजार परत आला का हे मोजत नव्हतो. मोजल्यावर चित्र बदललं.

सर : एका अभ्यासावरून.

मॅडम : एकाच नाही. पण तो एक आधी नीट बघू. ह्यूस्टनच्या एमडी अँडरसनचे पेद्रो रामिरेझ त्याचे प्रमुख होते, अभ्यासाचं नाव लॅक. जगभरातली 33 केंद्रं. चिठ्ठी टाकावी तशी विभागणी, म्हणजे कोणत्या बाईला काय मिळणार हे सर्जनच्या हातात नाही. 740 बायका घ्यायच्या ठरल्या होत्या. 631 झाल्या आणि 2017 मध्ये सुरक्षा समितीनेच भरती थांबवली, कारण दुर्बिणीच्या गटात मृत्यू जास्त दिसत होते. साडेचार वर्षांनी आजारमुक्त राहिलेल्या बायका पोट उघडलेल्या गटात 96.5 टक्के आणि दुर्बिणीच्या गटात 86 टक्के. मृत्यू एकूण 22, त्यातले 19 दुर्बिणीच्या गटातले.

सर : आकडे मला पाठ आहेत. पोट उघडलेल्या गटाचा निकाल संशयास्पद वाटावा इतका चांगला आहे, हेही मला माहीत आहे. इतका चांगला निकाल जुन्या कुठल्या मालिकेत फारसा सापडत नाही. आणि 33 केंद्रांत नऊ-दहा वर्षांत सहाशे बायका, म्हणजे एका केंद्राच्या वाट्याला वर्षाला दोनच. वर्षाला दोन करणाऱ्याच्या हातात दुर्बीण दिलीस तर काय होणार?

मॅडम : हा आक्षेप मीही गंभीरपणे घेतला होता. पण केंद्रांना आधी आपल्या दहा ऑपरेशनांचे निकाल द्यावे लागत होते आणि दोन ऑपरेशनांची काटछाट न केलेली चित्रफीत पाठवावी लागत होती. अगदी नवशिके नव्हते ते. बरं, अभ्यास सोडा. लॅक ज्या अंकात छापून आला, त्याच अंकात अमेरिकेच्या नोंदींवरचा दुसरा अभ्यास आला. 2010 ते 2013 मध्ये ऑपरेशन झालेल्या 2,461 बायका. चार वर्षांत दगावण्याचं प्रमाण दुर्बिणीच्या किंवा रोबोटच्या ऑपरेशननंतर 9.1 टक्के, पोट उघडून 5.3 टक्के. 2006 पासून तिकडे दुर्बिणीचा वापर वाढला, आणि तेव्हापासून या कॅन्सरच्या बायकांचं चार वर्षांचं जगण्याचं प्रमाण वर्षाला सुमारे 0.8 टक्क्याने उतरत गेलं. त्याआधी असं घसरत नव्हतं.

हा शेवटचा आकडा मला सगळ्यात अस्वस्थ करतो. एखादा चाचणी-अभ्यास चुकू शकतो, त्यातले सर्जन कच्चे असू शकतात. पण देशभर हजारो बायकांवर एक पद्धत रूढ होते, सगळे तिला प्रगती म्हणतात, आणि बायका थोड्या थोड्या जास्त मरू लागतात. एखाद्या हॉस्पिटलात बसून हे कोणाला दिसणारच नाही. वर्षाला दहा ऑपरेशनं करणाऱ्याला एखादी बाई जास्त गेली तर तो नशीब म्हणेल.

सर : मग कारण सांग. दुर्बिणीतून मला जास्त स्पष्ट दिसतं. युरेटर, म्हणजे मूत्रवाहिनी, आधाराच्या पडद्यातून जिथे जातो, तिथे पोट उघडून अंधारात बोट घालून काम करावं लागतं. दुर्बिणीत तो पडद्यावर दहा पट मोठा दिसतो. फोर्सेप्सने हलकं टोचलं की गांडुळासारखा आकसतो, तेव्हाच खात्री पटते की हाच तो, रक्तवाहिनी नव्हे. इतकं दिसत असताना कॅन्सर जास्त कसा परत येईल?

मॅडम : तुम्हाला युरेटर दिसतो, सर, पण गाठीचं काय होतं ते बघा. दुर्बिणीच्या ऑपरेशनमध्ये पिशवी हलवायला योनीतून मॅनिप्युलेटर घालतात. तो धातूचा दांडा पिशवीच्या तोंडातून आत जातो. म्हणजे जिथे कॅन्सर आहे नेमकं तिथूनच. पुढचे तीन तास तो दांडा पिशवी डावीकडे-उजवीकडे, वर-खाली ढकलतो. गाठ ठिसूळ असते, हात लागला तरी रक्त येतं. वर पोट कार्बन डायऑक्साइडने फुगवलेलं. शेवटी योनी आतूनच कापून पिशवी सुटी करायची, त्या क्षणी गाठीचा उघडा पृष्ठभाग थेट पोटात येतो. पोट उघडून करताना मॅनिप्युलेटर नसतो, आणि योनी गाठीच्या खाली चिमट्याने बंद करून मग कापतात.

सर : हे अनुमान आहे. लॅकने ते सिद्ध केलेलं नाही.

मॅडम : बरोबर, लॅकने नाही. पण युरोपातल्या नोंदींवरचा सक्कर अभ्यास 2020 मध्ये आला. तिथेही दुर्बिणीनंतर आजार परत येण्याचा धोका साधारण दुप्पट. मॅनिप्युलेटर वापरलेल्यांत जास्त. न वापरलेल्यांत मात्र पोट उघडलेल्यांएवढाच.

सर : म्हणजे दोष दुर्बिणीचा नाही, दांड्याचा. मी तो पूर्वीच सोडला. आधी खालून योनीची झालर गाठीवर शिवून घेतो, गाठ पिशवीसकट बंद होते, मगच वर दुर्बीण घालतो. पुण्याच्या डॉ. शैलेश पुणतांबेकरांनी 2007 मध्ये 248 बायकांवरच्या दुर्बिणीच्या रॅडिकल हिस्टरेक्टमीचा अनुभव ‘पुणे टेक्निक’ या नावाने आंतरराष्ट्रीय नियतकालिकात मांडला. आपल्याकडे हे शास्त्र उसनं आलेलं नाही. दहा बायका केलेल्याचा आणि शेकडो केलेल्याचा निकाल एकाच तागडीत टाकू नकोस.

मॅडम : तुमचा हात चांगला आहे हे मीच सगळ्यांना सांगते. पण सक्करमध्ये बायका चिठ्ठीने वाटलेल्या नाहीत. मॅनिप्युलेटर न वापरणारा सर्जन इतर बाबतीतही काळजी घेणारा असेल, त्याच्या बायकांच्या गाठी लहान असतील. त्यावरून मी मार्ग बदलणार नाही. आणि लॅकचा शेवटचा हिशेब 2024 मध्ये आला. फरक तसाच राहिला. साडेचार वर्षांनी आजारमुक्त 96 आणि 85 टक्के, जिवंत 96.2 आणि 90.6 टक्के.

इथे सर थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी जो मुद्दा काढला तो माझ्या मते त्यांच्या बाजूचा सगळ्यात मोठा मुद्दा होता, आणि तो कॅन्सरबद्दल नव्हता.

सर : तू नेहमी जगण्या-मरण्याचे टक्के सांगतेस. माझ्याकडे येणारी बाई काय विचारते माहीत आहे? पहिला प्रश्न, डॉक्टर, मी कामाला कधी लागेन? घरात सासू अंथरुणाला खिळलेली, पोरं शाळेत, ऊसतोड तोंडावर. महिनाभर वजन उचलायचं नाही म्हटलं की ती ऑपरेशनच पुढे ढकलते. दिवाळीनंतर येते म्हणते आणि शिमग्याला येते, तोवर गाठ पाच सेंटिमीटरची. छोट्या छेदामुळे ती वेळेवर तयार होत असेल, तर तो फायदा तुझ्या टक्क्यांत कुठे बसतो?

मॅडम : कुठेच बसत नाही. मान्य. पण हेही बघा. लॅकमधल्या बायकांना पुढे त्यांच्या तब्येतीबद्दल, दुखण्याबद्दल, रोजच्या कामांबद्दल विचारलं गेलं. दोन्ही गटांच्या उत्तरांत फरक निघाला नाही. गुंतागुंतीही जवळपास सारख्या. आपण दुर्बीण विकत होतो ती ज्या आरामासाठी, तो आराम त्या बायकांना स्वतःला जाणवला नाही.

सर : विकत होतो हा शब्द मला मान्य नाही.

मॅडम : तुम्ही नाही, सर. पण बाहेर बघा ना. दुर्बीण, मग रोबोट. टाका नाही, डाग नाही, दोन दिवसांत घरी. कुठल्या अवयवाचा कॅन्सर ते जाहिरातीत नसतं. नातेवाईक येतात तेच विचारत, रोबोट आहे का तुमच्याकडे? नाही म्हटलं की गाडी दुसऱ्या गावी. शेत गहाण टाकून जातात.

मी मॅडमच्या बाजूने आहे इथे. मोठा छेद जुनाट आणि छोटा छेद आधुनिक, हे समीकरण आपल्या डोक्यात इतकं पक्कं बसलं आहे की पोट उघडून ऑपरेशन सुचवणारा डॉक्टर लोकांना मागासलेला वाटतो. काही कॅन्सरांत तोच डॉक्टर अद्ययावत असतो.

हा वाद तसा शंभर-सव्वाशे वर्षांचा आहे आणि तोही एका गुरू-शिष्यात रंगला होता. एर्न्स्ट वेर्टहाइम यांनी 1898 मध्ये व्हिएन्नात पोट उघडून हे मोठं ऑपरेशन केलं. आजही अनेक सर्जन त्याला ‘वेर्टहाइम’ म्हणतात. त्यांचे गुरू फ्रीडरिश शाउटा 1901 पासून तेच ऑपरेशन योनीमार्गाने करू लागले. प्रतिजैविकं नव्हती, रक्तपेढ्या नव्हत्या. वेर्टहाइमच्या सुरुवातीच्या बायका मोठ्या संख्येने टेबलावर किंवा त्यानंतरच्या काही दिवसांत गेल्या. शाउटांच्या हाती कमी दगावत. पण खालून लसिकाग्रंथी हाताला लागत नाहीत, हे शिष्याचं म्हणणं होतं. पुढे कोलकात्याच्या डॉ. सुबोध मित्रांनी योनीमार्ग ठेवला आणि ग्रंथींसाठी पोटाच्या पडद्याबाहेरून वेगळी वाट काढली. बाईला सोसवेल किती आणि कॅन्सर निघेल किती, ही ओढाताण तेव्हापासूनची आहे. आज भूल सुरक्षित आहे, रक्त मिळतं, पोट उघडल्याने बाई सहसा मरत नाही. म्हणून तराजूचा काटा हलला आहे, असं मला वाटतं.

सर : बरं, पिशवीच्या तोंडाचं सोड. पिशवीच्या अस्तराच्या कॅन्सरचं काय? तिथे मात्र तू दुर्बीणच वापरतेस.

मॅडम : वापरतेच. तिथे मी तुमच्यापेक्षा आग्रही आहे. पाळी जाऊन दहा वर्षं झालेली बाई, पुन्हा अंगावरून जातंय म्हणून येते. वजन नव्वद किलो, साखर, बीपी. हिचं पोट उघडायचं म्हणजे जखम न भरण्याची वाट बघायची. अमेरिकेत 2,616 बायकांवर हा प्रश्न तपासला गेला. पाच वर्षांनी दोन्ही गटांत 89.8 टक्के जिवंत. दोन दिवसांहून जास्त राहावं लागलं ते दुर्बिणीच्या गटात 52 टक्क्यांना, पोट उघडलेल्यांत 94 टक्क्यांना. ऑस्ट्रेलियातल्या आणि आसपासच्या केंद्रांतल्या 760 बायकांच्या अभ्यासातही तेच. साडेचार वर्षांनी आजारमुक्त 81.3 आणि 81.6.

सर : तिथेही मॅनिप्युलेटर घालतात. तिथेही गॅस असतो.

मॅडम : हो. पण अस्तराची गाठ पिशवीच्या जाड भिंतींच्या आत बंद असते. तोंडाची गाठ उघड्यावर असते. माझ्या मते उत्तर तिथे आहे. म्हणूनच दुर्बीण चांगली की वाईट या प्रश्नाला उत्तर नाही. कशासाठी ते आधी विचारायला हवं.

सर : अमेरिकेतल्या त्या अभ्यासात दर चौथ्या बाईचं दुर्बिणीचं ऑपरेशन मध्येच सोडून पोट उघडावं लागलं होतं, तेही बायकांना सांगत जा.

मॅडम : सांगते.

अंडाशयाच्या कॅन्सरकडे दोघांनी फार वेळ दिला नाही, कारण तिथे त्यांचं एकमत होतं. तो कॅन्सर बहुधा पोटभर पसरूनच सापडतो आणि पोट वरपासून खालपर्यंत उघडूनच काढावा लागतो. डोळ्यांना दिसणारा एकही कण मागे राहू द्यायचा नाही, हे उद्दिष्ट. तरी तिथेही जास्त कापणं म्हणजे जास्त चांगलं, हा समज एका अभ्यासाने मोडला. जर्मनीच्या पुढाकाराने झालेल्या लायन अभ्यासात 647 बायका होत्या. दिसणारा सगळा कॅन्सर काढून झाल्यावर, फुगलेल्या नसलेल्या लसिकाग्रंथीही खबरदारी म्हणून काढायच्या की नाही, एवढाच प्रश्न. 2019 मध्ये उत्तर आलं. ग्रंथी काढून आयुष्य वाढलं नाही. उलट पुन्हा पोट उघडावं लागण्याची वेळ 6.5 टक्क्यांवरून 12.4 टक्क्यांवर गेली आणि साठ दिवसांत दगावणाऱ्या 0.9 वरून 3.1 टक्के झाल्या. कित्येक दशकं सर्जन ते मन लावून, तासन्तास उभं राहून करत आले होते.

सर : मला वाटतं, आपण दोघं नको त्या गोष्टीवर भांडतोय. आपल्याकडे येणाऱ्या बायकांत ऑपरेशनच्या टप्प्यावर आलेल्या असतात किती? भारतात 2022 मध्ये पिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरच्या सुमारे 1 लाख 27 हजार नव्या बायका आणि 80 हजारांच्या आसपास मृत्यू, असा जागतिक संस्थेचा अंदाज. बहुतेकींची गाठ आधीच बाजूला पसरलेली. त्यांना केमो आणि शेक, म्हणजे रेडिएशन. तिथे सर्जनने हात लावूच नये.

मॅडम : आणि तरी लावतात. टाटा हॉस्पिटलने 2003 ते 2015 मध्ये मुंबईत हाच प्रश्न तपासला. 633 बायका. एका गटाला आधी केमो देऊन गाठ लहान करायची आणि मग मोठं ऑपरेशन, दुसऱ्या गटाला थेट केमोसह शेक. पाच वर्षांनी आजारमुक्त ऑपरेशनवाल्या 69.3 टक्के, शेकवाल्या 76.7. जगण्यात फरक नाही, पण आजार ऑपरेशनवाल्यांत जास्त परतला. हे काम परदेशातून आलेलं नाही, परळचं आहे. तरीही आपल्याकडे नातेवाईक म्हणतात, डॉक्टर, काढून टाका ना एकदाचं, शेक नको. आणि डॉक्टर काढतात.

सर : त्याहून वाईट म्हणजे कॅन्सर आहे हे माहीत नसताना काढलेली पिशवी. तालुक्याच्या ठिकाणी बाई पांढरं जातंय, रक्त जातंय म्हणून येते. स्पेक्युलम घालून तोंड बघायलाही कोणी वेळ देत नाही, पॅप तपासणी नाही, तुकडा तपासायला पाठवणं नाही. साधी पिशवी काढतात. आठ दिवसांनी रिपोर्ट येतो, कॅन्सर. मग तिला आपल्याकडे पाठवतात. आता आधाराचा भाग तसाच आत, योनीच्या टाक्यात कॅन्सर, आतडी खाली येऊन चिकटलेली. शेक द्यायला गेलं तर आतड्यावर येतो.

मॅडम : ऑपरेशननंतर शेक लागलाच, तर तो नेमका त्या जागी पाडणाऱ्या नव्या तंत्राने द्यावा, हेही टाटानेच दाखवलं. 300 बायका. तीन वर्षांत आतड्यांचा त्रास जुन्या पद्धतीने 42 टक्क्यांना, नव्या पद्धतीने 21 टक्क्यांना. पण ते मशीन तालुक्याला नाही.

सर : आणि दुसरीकडे कॅन्सर नसताना कॅन्सरची भीती घालून पिशव्या काढल्या. 2019 ची बीडची पाहणी आठवते ना? 82 हजारांवर ऊसतोड बायका तपासल्या, त्यातल्या 13 हजारांहून अधिक बायकांची पिशवी काढलेली होती. पाळीत काम बुडतं, दंड बसतो, मुकादमाची उचल अंगावर असते. वर डॉक्टरने सांगितलं की ठेवलीस तर कॅन्सर होईल.

मॅडम : ज्यांना कॅन्सर नव्हता त्यांची पिशवी गेली आणि ज्यांना होता त्यांचं तोंडही कोणी बघितलं नाही. एकाच जिल्ह्यात दोन्ही.

बीडच्या शेजारीच, तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यात, बार्शीच्या नर्गिस दत्त हॉस्पिटलच्या आणि टाटाच्या लोकांनी गावोगाव फिरून 30 ते 59 वयाच्या 1 लाख 31 हजारांवर बायकांना अभ्यासात घेतलं होतं. एकदाच, आयुष्यात एकदाच एचपीव्ही विषाणूची तपासणी झालेल्या गटात या कॅन्सरने दगावणाऱ्या 34 निघाल्या, तपासणी न झालेल्या गटात 64. हा निकाल 2009 मध्ये जगातल्या सगळ्यात नावाजलेल्या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला आणि अनेक देशांनी त्यावरून धोरणं आखली. तुलनेसाठी तपासणीविना ठेवलेल्या बायकांबद्दल पुढे नैतिक प्रश्न विचारले गेले, आणि ते विचारायलाच हवे होते. पण ज्या गावांतल्या बायकांमुळे जगाला हे कळलं, त्या भागात आजही बाई रक्तस्राव सुरू झाल्यावरच दवाखान्यात येते. याचा मला मनापासून राग येतो.

सर पुन्हा मूळ मुद्द्यावर आले.

सर : 2024 मध्ये शेप अभ्यास आला, तो माझ्या बाजूचा आहे. गाठ दोन सेंटिमीटर किंवा लहान, खोलवर न गेलेली, अशा 700 बायका. निम्म्यांना मोठं ऑपरेशन, निम्म्यांना साधी पिशवी आणि ग्रंथी. तीन वर्षांत ओटीपोटात आजार परत आला तो 2.17 आणि 2.52 टक्क्यांना. फरक नाही म्हणायला हरकत नाही. मोठ्या ऑपरेशनमध्ये मूत्राशयाच्या नसा दुखावतात, तो त्रास साध्यात कितीतरी कमी. लघवी अडणं 11 टक्क्यांवरून 0.6 वर. आणि त्यातली बहुतेक ऑपरेशनं दुर्बिणीने किंवा रोबोटनेच झाली होती, ते बघ.

मॅडम : शेप मला फार मोलाचा वाटतो. लघवीची नळी घालून घरी गेलेली बाई पाहुण्यांसमोर बसत नाही, लग्नकार्याला जात नाही. ते टळत असेल तर साधं ऑपरेशन मी आनंदाने करीन. पण तिथे साधं की मोठं, हे चिठ्ठीने ठरलं होतं. दुर्बीण की छेद, हे नाही. तो सर्जनच्या मर्जीचा भाग होता. त्यातून मार्गाबद्दल निष्कर्ष काढता येत नाही.

सर : इतक्या कमी बायकांत आजार परतला, तरीही?

मॅडम : आशा वाटते. पुरावा म्हणता येणार नाही. लहान गाठींसाठी आणि रोबोटसाठी वेगळे, चिठ्ठीने वाटलेले अभ्यास हाती घेतले गेलेत, ते पुरे होऊ द्या. तोवर मी बाईला समोर बसवते, नवऱ्यालाही बसवते, आणि सांगते: ताई, तुमचा आजार लवकर सापडलाय. ऑपरेशन दोन तऱ्हेने होतं. पोटावर मोठा छेद घेतला तर जखम भरायला वेळ लागेल, महिना-दीड महिना जड काम नको. छोट्या भोकांतून केलं तर लवकर घरी जाल, पण शंभरात दहा-अकरा बायकांना आजार जास्त परत आला असं मोठ्या तपासणीत दिसलंय. मी मोठा छेद सुचवते. दुसऱ्या डॉक्टरांना विचारायचं असेल तर रिपोर्टच्या प्रती घेऊन जा, मी रागावणार नाही.

सर : एक वाक्य कमी आहे त्यात. या डॉक्टरने गेल्या वर्षी हे ऑपरेशन किती वेळा केलं. छेद असो की दुर्बीण, वर्षातून दोनदा करणाऱ्याकडे बाईने जाऊ नये.

मॅडम : घालते ते वाक्य. आणि तुम्ही तुमच्या बायकांना 96 आणि 85 सांगाल?

सर : दोन सेंटिमीटरच्या वर गाठ असेल तिला मी आता दुर्बीण सुचवतच नाही. तुला हे माहीत नव्हतं. त्याहून लहान असेल तिला आकडे सांगेन, मी मॅनिप्युलेटर का वापरत नाही ते सांगेन, आणि हे सगळं ऐकूनही तिने दुर्बीणच मागितली तर तिला नाही म्हणणार नाही.

मॅडम : मी म्हणेन. अभ्यासात नाव घालायचं असेल तर करीन, एरवी नाही. इथे आपलं जमणार नाही, सर.